ताटातील अन्नाचे प्रमाण आटोक्यात कसे ठेवावे

समोर जास्त अन्न आले की माणूस जास्त खातो, मग भूक तेवढी असो वा नसो. 2015 साली कॉक्रेन या आरोग्यविषयक संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला, त्यातही हाच निष्कर्ष निघाला. म्हणून रोज मनाला आवर घालत बसण्यापेक्षा वाढून घेण्याची पद्धत बदलणे मला अधिक योग्य वाटते.

प्रथम काही दिवस नेहमीचे प्रमाण वजनकाट्यावर मोजावे, कारण नुसत्या नजरेचा अंदाज सहज चुकतो. तेल, लोणी व सुकामेवा मात्र पुढेही मोजूनच घ्यावेत: एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे 9 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर तेवढ्याच कर्बोदकांतून किंवा प्रथिनांतून सुमारे 4, त्यामुळे येथे एखादा चमचा अधिक पडला तरी दिवसाचा हिशेब बदलतो. पाकिटावरील आकडे पुष्कळदा एका वेळच्या प्रमाणाचे असतात, संपूर्ण पाकिटाचे नव्हे. ते वाचून तेवढेच वाटीत काढून घ्यावे. भाज्या मात्र कमी करू नयेत, उलट वाढवाव्यात, कारण त्यांतील पाणी व तंतू यांमुळे कमी ऊर्जेत पोट भरते. वाढत्या वयाची मुले, गर्भवती स्त्रिया आणि मधुमेहाची औषधे घेणारे यांच्या आहाराचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदलावे.