मूर्तीवर ‘क्लोदिओं’ कोरलंय? सही सगळ्यात शेवटी बघा

जुन्या फ्रेंच टेराकोटात, म्हणजे भाजलेल्या मातीच्या शिल्पांत, नाचणाऱ्या अप्सरा, बोकडाच्या पायांचे सॅटर, द्राक्षांचे घोस आणि मागे कोरलेलं ‘क्लोदिओं’ एवढं दिसलं, की बहुतेकांचा शोध तिथेच संपतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फ्रान्समधल्या नान्सीत १७३८ साली जन्मलेल्या क्लोद मिशेल ऊर्फ क्लोदिओं या शिल्पकाराने रोममध्ये जवळपास नऊ वर्षं काढली आणि अशा छोट्या शिल्पांवर नाव कमावलं. एकोणिसाव्या शतकात त्याच्या शैलीला पुन्हा इतकी मागणी आली, की नकला भरपूर झाल्या. ओल्या मातीत नाव कोरायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून आधी मूर्ती उलटी करा, आतून बघा. साच्याचा सांधा पुसल्याची रेघ, बोथट झालेली बोटं, केसांत हत्याराची धार न दिसणं, ही साच्यातून काढल्याची लक्षणं. माती वाळताना आणि भाजताना आकसते, दहा टक्क्यांपर्यंतही. त्यामुळे तयार शिल्पावरून साचा घेऊन केलेली नक्कल मूळ शिल्पापेक्षा लहान भरते. संग्रहालयातल्या नोंदीत मापं असतात, ती ताडून पाहा. मात्र साचा दिसला की लगेच ‘नकली’ म्हणू नका. मूळ कार्यशाळाही साचे वापरत. आणि रंगवलेलं प्लास्टर नाही ना, हे तळाच्या टवक्यात बघा. गणपतीच्या वेळी शाडू आणि पीओपी ओळखणाऱ्यांना हे सांगायला नकोच.

दुसरी चूक म्हणजे क्लोदिओं नसेल तर ‘कोणीतरी नकलाकार’ असं ठरवणं. त्याचा शिष्य जोझेफ-शार्ल मारँ (१७५९–१८३४) स्वतः उत्तम शिल्पकार होता. कारिए-बेल्यूझ या फ्रेंच शिल्पकाराने तर जवळपास शंभर वर्षांनी हीच परंपरा चालवली. १८६४ पासून काही वर्षं पुढे विख्यात शिल्पकार झालेला तरुण रोदँ त्याच्याकडे कामाला होता. कारिए-बेल्यूझ १८६८च्या सुमारापर्यंत ‘ए. कारिए’ अशी सही करी, पुढे पूर्ण आडनाव घालू लागला. अशी सही खोट्या ‘क्लोदिओं’पेक्षा केव्हाही बरी, असं माझं मत.

विषय ओळखताना घाई नको. हातात टोकाला पाइनचं बोंड असलेली काठी, डोक्यावर आयव्ही किंवा द्राक्षवेल असेल, तर ती मद्यदेव बॅकसच्या परिवारातली. चंद्रकोर आणि बाणांचा भाता असेल तर शिकारीची देवी डायना. निर्वस्त्र स्त्री दिसली की ‘व्हीनस’ लिहून टाकणारे विक्रेते पुष्कळ.

थर्मोल्युमिनेसन्स चाचणीवर फार विसंबू नका. माती शेवटची कधी तापली एवढंच ती सांगते, आणि तेही काही दशकांच्या फरकाने. १७८० की १८६० हा प्रश्न तिथे अडकू शकतो. कुणी घडवलं, हे तर ती सांगतच नाही.

लिलावाच्या यादीतले शब्दही नीट वाचा. ‘क्लोदिओं’, ‘क्लोदिओंचं मानलं जाणारं’ आणि ‘क्लोदिओंनुसार’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत: त्याचंच, बहुधा त्याचं आणि त्याच्या कामावरून दुसऱ्याने केलेलं. किमतीही तशाच वेगळ्या.

आणि तज्ज्ञाला दाखवण्याआधी मूर्ती साबणाने घासू नका. जुना पातळ रंगाचा हात पाण्याने निघून जातो आणि सांधलेले भाग सुटतात. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटका. मागची बाजू, तळ, सही आणि तुटलेल्या कडा यांचे तिरप्या उजेडात फोटो काढा आणि तेच पाठवा.