सोळा बाय अठराच्या गॅरेजात दोन गाड्या आणि उरलेला पसारा

मुलुंडला आमचं बैठं घर आहे आणि त्याला लागून गॅरेज. वडिलांनी ते बांधलं तेव्हा दारात त्यांची प्रीमियर पद्मिनी आणि काकांची अँबॅसडर होती. पद्मिनी रुंदीला दीड मीटरच्याही आत. आज चार मीटरच्या आतली म्हणून जिला छोटी गाडी म्हणतात, ती नेक्सॉन रुंदीला १.८ मीटरच्या आसपास भरते. भिंती होत्या तिथेच आहेत, गाड्या मात्र अंगानं भरल्या. त्यामुळे लोक एक गाडी आत लावतात, दुसरी रस्त्यावर, आणि अर्ध्या गॅरेजात मोडका सोफा ठेवतात. मुंबईत हे पाप आहे. मी नोकरीभर एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. स्टोअरला जागा कधीच पुरत नाही, तरी माल मात्र मागितला की हातात पडावा लागतो. तेच डोकं घरी चालवलं.

सुरुवात टेपनं. माप भिंत ते भिंत घेऊ नका, अडचण ते अडचण घ्या: मध्येच खाली उतरलेला पाइप, बाहेर आलेला कॉलम, शटरचे गाईड, मीटरची पेटी. सगळ्यात अरुंद जिथे भरेल ते तुमचं खरं माप. मग गाडीची रुंदी बघा. कंपनीच्या माहितीपत्रकातली रुंदी बहुतेक वेळा आरसे सोडून असते, हे ध्यानात ठेवा. आणि गाडीचा दरवाजा बाहेर उघडून, माणूस सहज उतरेल एवढा उघडून, तेही माप घ्या. साधारण ६० ते ७० सेंटिमीटर लागतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जास्त.

आमचं गॅरेज आतून १६ फूट रुंद आणि १८ फूट खोल, म्हणजे ४.८८ बाय ५.४९ मीटर. माझी वॅगन-आर १.६२ मीटर, मुलाची नेक्सॉन ईव्ही धरा १.८०. बेरीज ३.४२. उरले १.४६ मीटर. आता हे १.४६ सारखे तीन ठिकाणी वाटलेत, दोन भिंतींकडे आणि एक मध्ये, तर प्रत्येकी जेमतेम ४८ सेंटिमीटर येतात आणि कुणालाच नीट उतरता येत नाही. दोघांनी पोट आत घेऊन उतरायचं. बहुतेक घरांत हेच चाललेलं असतं.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. तुम्ही शटरकडून आत बघत उभे आहात असं समजा. डाव्या बाजूची गाडी तोंडानं आत घाला, तिच्या ड्रायव्हरचा दरवाजा मधल्या जागेत उघडेल. उजव्या बाजूची गाडी रिव्हर्स घाला, म्हणजे तोंड शटरकडे. तिचाही ड्रायव्हरचा दरवाजा मधल्या जागेतच उघडतो. दोन्ही दरवाज्यांना एकच बोळ पुरतो. भिंतींकडे २५-२५ सेंटिमीटर सोडा, मध्ये ९६ सेंटिमीटर मिळतात, म्हणजे तीन फुटांच्या वर. बाकीची मंडळी बाहेरच उतरतात. आमच्या सासूबाई तर पायरीशीच उतरतात, गॅरेजात बसून येण्याचा प्रश्नच नाही. आरसे दुमडायची सवय मात्र लावून घ्या.

रिव्हर्स कुठली घालायची? शक्यतो इलेक्ट्रिक. पेट्रोलची गाडी तोंडानं आत असली की तिचा सायलेन्सर शटरकडे राहतो आणि धूर बाहेर जातो. रिव्हर्स घातलेली पेट्रोल गाडी मागच्या भिंतीवर धूर सोडते आणि तो आतच घुमतो. दोन्ही गाड्या पेट्रोलच्या असतील तर मागच्या भिंतीत वर जाळीची खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा हवाच. शटर खाली असताना इंजिन चालू ठेवायचं नाही, एक मिनिटसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

ही मापं जमिनीवर उतरवल्याशिवाय काही उपयोग नाही. आधी खडूनं रेघा ओढा, आठवडाभर त्यावर गाड्या लावून बघा, मग ऑइलपेंट मारा. चाकं थांबवायला मॉलच्या पार्किंगमध्ये असतात तसले रबरी स्टॉपर जमिनीत ठोकून घ्या. लाकडी बॅटन लावू नका, आपल्या हवेत ते कुजतं. भिंतीला गाडीच्या दरवाज्याच्या उंचीवर जुन्या टायरचा पट्टा स्क्रूनं मारा. रंग वाचतो आणि घरातली भांडणंही.

आता खोली, म्हणजे शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत. नेक्सॉन चार मीटरच्या किंचित आत, वॅगन-आर ३.६६ मीटर. शटरपासून एक फूट सोडला तरी माझ्या गाडीच्या नाकापुढे दीड मीटर मोकळं राहतं. तिथे दीड फूट रुंदीचं कामाचं टेबल बसवलं, समोर उभं राहायला साडेतीन फूट उरले. व्हाइस, पान्हे, पंक्चरचं सामान, सगळं तिथे. नेक्सॉनच्या मागे चार फूट. त्यातले तीन डिकी उघडण्यासाठी मोकळेच ठेवायचे, उरलेल्या एका फुटात बारा इंची अँगल रॅक. ज्यांचं गॅरेज पंधरा फूटच खोल आहे त्यांना टेबल विसरावं लागेल. त्यांनी बॉनेटच्या वरची जागा वापरावी, साडेचार फुटांच्या वर पंधरा इंची फळ्या.

सुताराला बोलावलंत तर तो एकच सांगणार. आमचा म्हणाला, "ताई, भिंतभर कपाट करून टाकू, दारं लावून. एकदम क्लीन दिसेल." त्याला म्हटलं, दारं उघडायला जागा कोण देणार? आणि बंद कपाटात पावसाळ्यात बुरशी धरते. गॅरेजात सगळं उघडं, सगळं दिसणारं हवं. स्लॉटेड अँगलचे रॅक घ्या. नट-बोल्ट खोलून उंची बदलता येते, वाळवी लोखंड खात नाही, आणि घर बदललं तर सोबत नेता येतात. फळ्या प्लायच्या असतील तर आयएस ७१० या मानकाचा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय मागा. स्वस्त म्हणून आयएस ३०३ चा साधा एमआर प्लाय माथी मारतात, तो दमट हवेत पोपडे काढतो. रॅक भिंतीपासून इंचभर लांब ठेवा. वाळवी भिंतीवरून चढते, मातीची बारीक नळी दिसली की तिथेच खरवडून औषध मारता आलं पाहिजे.

भिंतीवर वजन टांगण्याआधी भिंत कुठली ते बघा. नऊ इंची विटांची असेल तर अँकर फास्टनर, म्हणजे भिंतीत फुलून घट्ट बसणारा बोल्ट, धरतो. साडेचार इंची असेल तर झाडू, पाइप, रिकाम्या पिशव्या इतकंच. छताला सायकली टांगायची हौस सगळ्यांनाच असते. जुन्या घरात आधी हातोडीच्या दांड्यानं स्लॅब ठोकून बघा. पोकळ आवाज आला, प्लास्टरला सरळ रेषेत भेग दिसली किंवा गंजाचा तांबूस डाग दिसला, तर आतली सळई फुगलेली आहे. तिथे काहीही टांगायचं नाही, उलट दुरुस्ती करून घ्यायची. आमच्या सायकली म्हणूनच भिंतीला उभ्या आहेत. फास्टनर, हुक, अँगल हे सगळं नागदेवी स्ट्रीटला एकाच फेरीत मिळतं. मस्जिद स्टेशनला उतरून चालत जा, गाडी नेऊ नका.

माल लावायचा कसा, हा माझा जिव्हाळ्याचा विषय. स्टोअरमध्ये मालाचे तीन प्रकार: फास्ट मूव्हिंग, स्लो मूव्हिंग, नॉन-मूव्हिंग. फास्ट म्हणजे हवेचा पंप, गाडी पुसायची फडकी, छत्र्या, बागेचा पाइप. हे सगळं मधल्या बोळातून हात जाईल अशा ठिकाणी, खांद्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीत. स्लो म्हणजे गणपतीचं मखर, आकाशकंदील, प्रवासी बॅगा, उरलेला रंग. ते वरच्या फळीवर. नियम एकच: आठवड्यातून एकदा लागणारी वस्तू काढायला गाडी बाहेर घ्यावी लागता कामा नये. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी घ्यावी लागली तरी चालेल.

प्रत्येक खोक्याला मी बिन कार्ड लावते. पुठ्ठ्याचा तुकडा, आत काय आहे ते वर लिहिलेलं, आणि शेवटचं कधी उघडलं तो महिना. मागच्या दोन दिवाळ्यांत उघडलेलं नाही, असं कार्ड बोललं की तो माल नॉन-मूव्हिंग. भंगारवाल्याला बोलवायचं. आमच्या ह्यांचा जीव खालीवर होतो, "अगं, लागेल कधीतरी." बंद पडलेला मिक्सर कधीतरी लागत नाही. रंगाचा उघडा डबा दोन वर्षांनी दगड झालेला असतो. पुस्तकं, अल्बम, कागदपत्रं गॅरेजात ठेवायचीच नाहीत, कितीही घट्ट डबा असला तरी.

आता पावसाळा, आणि इथे जरा सविस्तर सांगते, कारण मुंबईत गॅरेजचं नुकसान बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तसा दिवस रोज येत नाही, पण घोटाभर पाणी दर दोन-तीन वर्षांनी कुठे ना कुठे शिरतंच. म्हणून जमिनीपासून दीड फुटाच्या खाली किमती काहीच ठेवत नाही. खालच्या कप्प्यात बादल्या, कुंड्या, प्लास्टिकच्या खुर्च्या. पुठ्ठ्याची खोकी बाद, झाकणाचे प्लास्टिकचे डबे घ्या. जमिनीला शटरकडे उतार हवा, शंभराला एक म्हणजे अठरा फुटांत दोन इंच. नव्यानं आयपीएस, म्हणजे सिमेंटची घोटलेली जमीन, करून घेत असाल तर गवंड्याला हे आधीच बजावा आणि ओली असतानाच स्पिरिट लेव्हलनं तपासा.

शटरच्या बाहेरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सी-चॅनल उभे बसवून घ्या, दीड-दोन फूट उंचीचे. मोठा पाऊस सांगितला की त्या खाचेत मरीन प्लायची फळी वरून सरकवायची, खालच्या कडेला रबराची पट्टी. सखल भागातले दुकानदार हेच करतात. पाणी पूर्ण अडत नाही, पण घुसायचा वेग कमी होतो आणि गाड्या उंचावर न्यायला वेळ मिळतो. गाडीची चाकं बुडाली असतील तर स्टार्टर मारून बघू नका. आणि त्या पाण्यात अनवाणी उतरू नका. उंदरांच्या मुतानं लेप्टो होतो, पायाला साधी चीर असली तरी पुरते. गमबूट गॅरेजातच, शटरच्या बाहेरून हाताला लागेल असे ठेवलेत.

गंजाला रामबाण उपाय नाही. पान्हे, करवती पुसून मशीन ऑइलचा हलका हात फिरवायचा आणि फडक्यात गुंडाळायचं. हत्याराच्या पेटीत खडूचे दोन-चार तुकडे टाकून ठेवते, ते थोडी ओल धरतात. महिनाभर गावाला जाणार असाल तर पावसाळ्यात हँडब्रेक ओढून जाऊ नका, ब्रेक चिकटतात. गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवा.

घुशी आणि उंदीर. यांना वायरची चटक लागली की हजारोंचं बिल. पाण्याच्या वाटेला बारीक लोखंडी जाळी, पाइपभोवतीच्या फटीत काचेचे तुकडे घालून सिमेंट. कुत्र्याचं खाणं, पक्ष्यांचे दाणे, तांदळाची गोणी यातलं काहीही गॅरेजात नको. अन्न नसलं की निम्मा त्रास आपोआप जातो. औषध ठेवून मेलेला उंदीर बॉनेटखाली सापडण्यापेक्षा पिंजरा बरा.

वीज. दिवा गाडीच्या डोक्यावर लावला तर तिच्या टपावर उजेड पडतो आणि बोळात अंधार. चार फुटी एलईडी पट्टी बोळाच्या वर, दुसरी टेबलावर, दोन्ही आयपी ६५ च्या, म्हणजे आत धूळ-पाणी न जाणाऱ्या. प्लग चार फुटांवर. गॅरेजच्या लाइनीला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, हवाच, ओल्या जमिनीवर उभं राहून ड्रिल मशीन चालवायचं असतं. हे सामान लोहार चाळीतून आणा, बसवायला मात्र परवानाधारक वायरमनच बोलवा.

घरी ईव्ही असेल तर पंधरा अँपियरच्या प्लगवर तीन किलोवॅटच्या आसपास चार्जिंग होतं, रात्रभरात काम भागतं. सातच्या वर किलोवॅटचा वॉल चार्जर लावायचा तर ३२ अँपियरची स्वतंत्र लाइन, चांगलं अर्थिंग आणि बहुतेक वेळा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. मुलुंडला त्यासाठी महावितरणकडे अर्ज, तुमच्याकडे वीज कुणाची येते ते बिलावर बघा. प्लग कुठे द्यायचा हे गाडी लावून ठरवा. नेक्सॉनचं चार्जिंगचं झाकण मागच्या डाव्या चाकावर असतं. रिव्हर्स लावली की ते उजव्या भिंतीकडे, मागच्या कोपऱ्यात येतं. डिकीमागे उभं राहून हात घातला की गन लागते, म्हणून प्लग त्या कोपऱ्यात. त्याच्या खाली रद्दी, रंग, थिनर ठेवायचं नाही. गॅस सिलेंडर आणि पेट्रोलचा कॅन तर गॅरेजात कुठेच नाही. चार किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक शटरच्या जवळ टांगा, आतल्या टोकाला नको. काटा हिरव्यात आहे ना, हे दर महिन्याला बघायचं.

शटरच्या गाईडला ग्रीस फासायची पद्धत सोडून द्या, त्याला धूळ चिकटून लापशी होते. फडक्यानं पुसून सिलिकॉनचा स्प्रे मारा, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा.