थंडीत हायब्रिडचं ॲव्हरेज कोसळलं? या चुका टाळा

टोरांटो-मिसिसागाकडे नोव्हेंबर संपत आला की हायब्रिड गाडीवाल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एक तक्रार हमखास निघते. उन्हाळ्यात लिटरला २१ किलोमीटर देणारी गाडी १५ वर आली, बॅटरी गेली की काय? बहुतेक वेळा बॅटरी ठणठणीत असते. अमेरिकी सरकारच्या आकडेवारीनुसार पारा २५ अंशांवरून उणे ७ वर उतरला, की शहरातल्या वापरात साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज साधारण १५ टक्क्यांनी घटतं. हायब्रिडचं ३० ते ३४ टक्क्यांनी. म्हणजे २१ चे १५ होणं या हिशेबात बसतं.

हायब्रिडलाच एवढा फटका का? हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी. तिची बचतच मुळी इंजिन बंद ठेवण्यातून येते. थंडीत मात्र कूलंट (इंजिनभोवती फिरणारं द्रव) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) गरम होईपर्यंत इंजिन बंद होत नाही, आणि नंतरही हीटरला ऊब पुरवायला सिग्नलवर उभ्या गाडीत ते पुन्हा सुरू होतं. त्यात हे इंजिन उष्णता कमी वाया घालवणारं, त्यामुळे केबिन तापवायला उरतं थोडंच. २००४ ते २००९ च्या प्रियस या हायब्रिडमध्ये तर टोयोटाने गरम कूलंट साठवायला चक्क थर्मास बसवला होता, त्यात ते तीन दिवसांपर्यंत गरम राहायचं. प्रश्न उष्णतेचा आहे हे कंपनीला तेव्हाच कळलं होतं. आपण मात्र अजून बॅटरीवर संशय घेतो.

गाडी उभ्या उभ्या तापवणं

ही सवय आपण घरून आणलेली. कार्बुरेटरच्या काळात चोक ओढून पाच मिनिटं गाडी गुरगुरत ठेवावी लागायची, ते तेव्हा बरोबरच होतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला त्याची गरज नाही. उभ्या गाडीत इंजिनवर भार नसतो, त्यामुळे ते सावकाश तापतं आणि तेवढा वेळ ॲव्हरेज शून्य. अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले काही किलोमीटर ॲक्सिलरेटर हलक्या पायाने दाबा. तसं इंजिन लवकर गरम होतं.

क्रमही बदला. लोक आधी गाडी सुरू करतात आणि मग बर्फ खरवडत बसतात. आधी खरवडा, छतावरचा बर्फही काढा, मग बटण दाबा. काच आतून गोठली असेल तर अर्थातच डिफ्रॉस्ट लावून ती पूर्ण साफ होईपर्यंत थांबा, तिथे पेट्रोलचा हिशेब करायचा नाही. रिमोट स्टार्टचंही तेच: घरात चहा पिता पिता दहा मिनिटं आधी गाडी चालू करणं सुखाचं आहे, पण ते सुख फुकट नाही.

बंद गराजमध्ये हायब्रिड कधीच ‘रेडी’ अवस्थेत, म्हणजे बटण दाबून चालू केलेली, सोडू नका. आवाज येत नाही म्हणून ती बंद आहे असं वाटतं, आणि थोड्या वेळाने इंजिन आपोआप सुरू होऊन कार्बन मोनॉक्साइड साचू लागतो.

हीटर २४ वर लावून विसरून जाणं

माझ्या मते सगळ्यात जास्त पेट्रोल इथे जातं, आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच असतं. हायवेवर इंजिन तसंही चालू असतं, तिथे हीटर जवळपास फुकट. शहरात मात्र गाडी उभी असतानाही हीटर इंजिनला बंद होऊ देत नाही. म्हणून निघताना सीट आणि स्टीअरिंगचे हीटर लावा. ते थेट अंगाला ऊब देतात आणि अख्खं केबिन तापवण्यापेक्षा त्यांना फार कमी वीज लागते. कूलंट गरम झाल्यावर केबिनचा हीटर १९-२० वर, पंखा मंद. इको मोड असेल तर तोही लावा, बऱ्याच गाड्यांत तो हीटरची मागणी सौम्य करतो.

काच साफ झाल्यावरही पुढच्या काचेचा डिफ्रॉस्ट चालूच ठेवणं ही यातलीच पोटचूक. हवेतली ओल काढायला त्यात एसीचा कॉम्प्रेसरही फिरत असतो. मात्र पेट्रोल वाचवायला आतलीच हवा फिरवत ठेवली तर काचा धुरकटतात. ते नको.

चार कामांसाठी चार वेळा निघणं

सकाळी मुलांना शाळेत सोडायचं, घरी यायचं, तासाभराने भाजी, दुपारी लायब्ररी. प्रत्येक फेरी दोन-तीन किलोमीटरची, आणि प्रत्येक वेळी इंजिन गारठलेलं. ते पुरतं तापायच्या आत आपण घरी पोचलेलो असतो. जमेल तितकी कामं एका फेरीत घ्या, आणि सगळ्यात लांबचं काम आधी उरका. इंजिन एकदा नीट तापलं की परतीच्या वाटेवरचे छोटे थांबे स्वस्तात पडतात.

ईव्हीचं (फक्त बॅटरीवर चालवण्याचं) बटण दाबून इंजिनला गप्प बसवण्यातही अर्थ नाही. गाडी प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज होणारी, नसेल तर बॅटरीतली वीज शेवटी पेट्रोलचीच असते. शिवाय गार बॅटरी ब्रेक दाबल्यावर मिळणारी वीजही पुरती घेत नाही. गराज गरम नसलं तरी गाडी आत लावा, तेवढ्यानेही फरक पडतो.

ब्लॉक हीटर आणि ग्रिल

विनिपेग-एडमंटनकडे पार्किंगमध्ये गाडीला प्लग लावायची सोय सर्रास दिसते. कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या म्हणण्यानुसार उणे २० ला ब्लॉक हीटरने, म्हणजे बंद इंजिन विजेवर गरम ठेवणाऱ्या हीटरने, इंधनाची बचत १० टक्क्यांपर्यंत जाते. रात्रभर लावून ठेवू नका. टायमर लावून निघण्याआधी दोन तास पुरतात, नाहीतर पेट्रोलचे पैसे वीजबिलात जातात. तुमच्या मॉडेलला तो बसतो का, हे आधी डीलरला विचारा.

ग्रिलमध्ये, म्हणजे गाडीच्या तोंडाच्या जाळीत, फोम कोंबून गार हवा अडवण्याची युक्ती जुनी आहे आणि चालतेही. पण पूर्ण ग्रिल बंद करणं चूक: हायब्रिडमध्ये बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरलाही थंडावा लागतो. काही नव्या गाड्यांत ग्रिलची झडप आपोआप मिटते, तिथे तर हे काही करायचंच नाही.

टायर

तापमान दर साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) कमी होते. २० अंशांच्या गराजात भरलेली हवा उणे १० च्या रस्त्यावर ५ पीएसआयने कमी भरते. डॅशबोर्डवरच्या दिव्याची वाट पाहू नका. बऱ्याच गाड्यांत तो हवा पाव हिश्शाने उतरल्यावरच लागतो. महिन्यातून एकदा, टायर गार असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. विंटर टायरने ॲव्हरेज थोडं पडतं. पडू द्या. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्यानेच बंधनकारक आहेत.

हे थंडीचं नव्हे, बिघाडाचं लक्षण

ॲव्हरेज निम्म्यावर आलं असेल तर थंडीला दोष देऊन थांबू नका. तुलना मागच्या जुलैशी नको, मागच्या जानेवारीशी करा, आणि स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब धरा.

पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवूनही हीटरची हवा कोमटच येत असेल आणि सिग्नलला इंजिन बंदच होत नसेल, तर थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह सांभाळणारी झडप) उघडा अडकल्याची शंका घ्यावी. स्वस्तातला ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातली माहिती आणि बिघाडाचे कोड दाखवणारं यंत्र) लावून कूलंटचं तापमान बघा. हायवेवरही ते ७० अंशांच्या खाली रेंगाळत असेल किंवा पी०१२८ हा कोड आला असेल, तर थर्मोस्टॅट बदलून घ्या. हे फार खर्चिक काम नाही.

त्याआधी इंजिन गार असताना कूलंटच्या टाकीची पातळी पाहा. ती कमी असली तरी हीटर असाच वागतो. भरल्यावर पुन्हा उतरली, जमिनीवर गळतीचा डाग नाही आणि सकाळी सुरू होताना इंजिन हादरतं, असं असेल तर हेड गॅस्केट (इंजिनमधलं सील, ते फाटलं की कूलंट आत गळतं) तपासून घेईपर्यंत गाडी चालवू नका.