‘गॉडी नाइट’बद्दल एवढी टोकाची मतं का, आणि ती वाचायची कशी

डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेची ‘गॉडी नाइट’ ही डिटेक्टिव्ह कादंबरी घेऊ का असं कुणाला विचारलंत तर दोनच उत्तरं येतात. एक, अख्ख्या मालिकेतली सगळ्यात भारी. दोन, शंभर पानं झाली तरी खून नाही, सोडून दिली. मी माझ्या मावसबहिणीला मोठ्या उत्साहानं दिली होती, ताईनं महिन्याभरानं परत केली तेव्हा खुणेला घातलेलं बसचं तिकीट आत तसंच होतं, पान एकशे अठरा. पुस्तक वाईट नाही आणि ताई तर घरातली सगळ्यात पट्टीची वाचणारी, मग अडलं कुठे? तेव्हापासून ही कादंबरी कुणाला देताना मी जे सांगते ते सगळं इथे लिहितेय. गुन्हेगार कोण ते कुठेही फोडलेलं नाही, बिनधास्त वाचा.

सगळ्यात आधी, मालिकेत इथून शिरू नका. मालिकेचा डिटेक्टिव्ह लॉर्ड पीटर विम्झी, त्याची पहिली कादंबरी १९२३ची आणि ही १९३५ची, मधल्या बारा वर्षांतलं सगळं वाचायची गरज नाही पण ‘स्ट्राँग पॉयझन’ (१९३०) आणि ‘हॅव हिज कारकेस’ (१९३२) ही दोन वाचाच, आणि याच क्रमानं. ‘स्ट्राँग पॉयझन’मध्ये हॅरिएट व्हेन, जी स्वतः डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिते, ती आधीच्या प्रियकराला विष घातल्याच्या आरोपाखाली कोर्टात उभी आहे, पीटर तिला बघतो आणि तिथेच प्रेमात पडतो आणि शेवटी फाशीच्या दारातून तिला सोडवून आणतो. आता ज्यानं जीव वाचवला त्याला हो म्हटलं तर ते प्रेम म्हणायचं की उपकाराची फेड? हे तिचं तिलाच कळत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं नाही म्हणत राहते. ‘ही बाई एवढे आढेवेढे का घेते’ ही तक्रार मी कितीदा ऐकलीये, आणि तक्रार करणाऱ्यानं ‘स्ट्राँग पॉयझन’ वाचलेलीच नसते असं बहुतेक वेळा निघतं.

मग आपण काय वाचायला बसलोय ते स्वतःला नीट सांगा. गॉडी म्हणजे तिकडचं कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचं स्नेहसंमेलन. हॅरिएट ऑक्सफर्डला आपल्या जुन्या कॉलेजच्या गॉडीला जाते आणि परतीच्या वाटेवर तिच्या गाउनच्या बाहीतून एक कागद निघतो, छापील अक्षरं कापून चिकटवलेला, आणि त्यात तिला खुनी म्हटलंय. बस, एवढाच मृतदेह आहे. पुढे कॉलेजात निनावी पत्रं, नासधूस, आणि मिस लिडगेट नावाच्या अत्यंत सज्जन प्राध्यापिकेनं इंग्रजी छंदशास्त्रावर कष्टानं लिहिलेल्या पुस्तकाची प्रुफं कुणीतरी विद्रूप करून ठेवतं. मला तर ती प्रुफं वाचताना अंगावर काटा आला होता, कारण माणूस मेलेला नसतो पण त्याचं आयुष्यभराचं काम मारलेलं असतं.

इथे थोडा इतिहास माहीत असेल तर खूप फरक पडतो, कारण ‘पत्रांनी एवढं काय घाबरायचं’ असं बऱ्याच जणांना वाटतं. कादंबरीतलं श्रूजबरी कॉलेज काल्पनिक आहे, पण सेयर्स स्वतः १९१२ ते १९१५ समरव्हिल कॉलेजात शिकली, पहिला वर्ग मिळाला, आणि पदवी मात्र १९२० साली, कारण तोपर्यंत ऑक्सफर्ड बायकांना परीक्षेला बसू द्यायचं पण पदवी द्यायचं नाही. आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी याच समरव्हिलच्या, त्यांनी १८९२ला कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी हातात आली १९२२ला, तीस वर्षांनी! त्यात १९२७ला विद्यापीठानं मुलींच्या संख्येवर मर्यादा घातली. आता विचार करा, अशा वेळी बायकांच्या कॉलेजातलं एखादं लफडं पेपरात आलं असतं तर काय झालं असतं, बघा शिकलेल्या बायका अशाच असतात म्हणायला लोक टपलेलेच होते. म्हणून कॉलेजच्या प्राध्यापिका पोलिसांना बोलवत नाहीत, म्हणून हॅरिएटला बोलवतात. हे डोक्यात ठेवून वाचलंत तर खुनाची उणीव जाणवत नाही, मी खात्रीनं सांगते.

नावांसाठी एक कागद जवळ ठेवा. सगळ्या ‘मिस’ आणि सगळ्या प्राध्यापिका, पन्नासाव्या पानावर हमखास गोंधळ होतो. वॉर्डन म्हणजे कॉलेजच्या प्रमुख डॉ. बेअरिंग, डीन मिस मार्टिन, इतिहास शिकवणाऱ्या मिस हिल्यार्ड, संशोधन करायला नव्यानं आलेल्या मिस डी व्हाइन, एवढ्या लिहून सुरुवात करा आणि नवीन आली की नाव आणि तिच्याबद्दल एक शब्द वाढवत जा. स्काउट म्हणजे खोल्या आवरणाऱ्या नोकर बायका, त्यांचीही नावं लिहा. प्रकरणांच्या सुरुवातीला जुन्या इंग्रजीतले उतारे आहेत ते पहिल्या वाचनात सोडलेत तरी चालतं. लॅटिनचं मात्र एक लक्षात ठेवा, ‘प्लासेट’ म्हणजे ‘मान्य’, विद्यापीठाच्या सभेत संमती देताना म्हणतात तो शब्द. शेवटी उपयोगी पडेल.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. जेवणानंतर प्राध्यापिका कॉमन रूममध्ये बसून बोलत असतात, काम मोठं की माणसं, खरं बोलल्यानं कुणाचं घर उद्ध्वस्त होणार असेल तरी ते बोलायचं का, अशा लांबलचक गप्पा, आणि नेमक्या इथेच लोक पानं उलटतात कारण त्यांना वाटतं ही भरती आहे, तपास पुढे आहे. अहो तपास हाच आहे! क्लू या गप्पांमध्येच आहेत. ‘गुन्हेगार कुठून तरी आणून बसवला’ असं म्हणणाऱ्या एका मैत्रिणीला मी विचारलं की त्या चर्चा वाचल्यास का, तर ती म्हणाली नजर फिरवली. सेयर्सनं सगळं समोर मांडून ठेवलंय, अगदी प्रामाणिकपणे. त्यामुळे दमलेले असाल त्या रात्री वाचू नका, दोन दिवस थांबलात तरी चालेल पण ती पानं जागेपणी वाचा.

एक जागा तर दोनदा वाचा. हॅरिएटची स्वतःची कादंबरी अडलेली असते, पीटर तिला म्हणतो की तुझ्या त्या पात्राला माणूस कर, त्याला खरं मन दे, आणि तिला भीती वाटते की तसं लिहिलं तर आपल्यालाच फार दुखेल. मला वाटतं सेयर्स इथे स्वतःच्या मालिकेबद्दलच बोलतेय, निव्वळ कोडं लिहायचं की माणसं लिहायची.

दुसऱ्यांची मतं वाचताना म्हणूनच आधी बघा की त्या माणसाला सेयर्सचं कुठलं पुस्तक आवडतं. ‘फाइव्ह रेड हेरिंग्ज’मधली ट्रेनची टाइमटेबलं जुळवण्यात ज्याला खरी मजा आली त्याला ही कंटाळवाणी वाटणारच, आणि त्याचं मत त्याच्यापुरतं बरोबर आहे, तुमची आवड तशीच असेल तर ऐका त्याचं. काही तक्रारी तर मलाही मान्य आहेत. पीटर अर्ध्याहून जास्त पुस्तकात जवळजवळ नसतोच, आणि नोकर बायकांकडे बघायची जी वरून खाली नजर आहे ती मला आजही टोचते. क्यू. डी. लीव्हिस या समीक्षक बाईंनी तर १९३७ला ‘स्क्रूटिनी’ त्रैमासिकात सेयर्सवर कडक लिहिलं, तिनं रंगवलेलं विद्यापीठ म्हणजे नुसतं गोड स्वप्न आहे असा एकूण सूर. तो रागही समजून घेण्यासारखा आहे, पण कादंबरी वाचून झाल्यावर.

ताईला मी दिवाळीत ‘स्ट्राँग पॉयझन’ दिली, मग ‘हॅव हिज कारकेस’, आणि मग काही न बोलता ‘गॉडी नाइट’ परत तिच्या टेबलावर ठेवून आले. परवा रात्री साडेअकराला तिचा मेसेज, पीटरनं हॅरिएटला हस्तिदंती बुद्धिबळाचा सेट घेऊन दिलाय, पुढे काय होतं सांग. मी सांगितलं नाही.