देऊळ बघायचं तर निवांत बघा

घाटावरचे पाहुणे गोव्यात फोंड्याला आले की मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे असं सगळं एका सकाळीत उरकायचं म्हणतात. मी त्यांना दोनच देवळं दाखवते, पण नीट. तुम्हीही तसंच करा.

आधी तांबडी सुर्ला. वाट मोलेच्या अभयारण्यातून जाते. देऊळ पूर्वाभिमुख आहे, म्हणून सकाळी लवकर पोचा आणि सोबत विजेरी ठेवा. कदंब राजांच्या काळातलं हे देऊळ काळ्या बेसॉल्टचं आहे. आपल्याकडचा जांभा दगड इतक्या नाजूक कोरीवकामाला चालत नाही. मंडपात मधल्या खांबांपाशी चक्क खाली बसा. एका खांबाच्या तळाशी हत्ती घोड्याला तुडवताना दिसेल. मग मान वर करा, छताला दगडात कोरलेलं कमळ आहे. घाईघाईत नमस्कार करून निघालात तर दोन्ही राहून जातं.

दुसरं बांदिवड्याचं नागेशी. इथे आधी देवाचा पत्ता विचारायचा. अंत्रुजातल्या, म्हणजे या फोंडा भागातल्या, कुठल्याही देवळात माझा पहिला प्रश्न हाच: देव मूळचा कुठला? मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी सासष्टीतली देवळं पाडायला घेतली, तेव्हा लोकांनी आपले देव जुवारी नदीपलीकडे इकडे आणले. फोंडा पोर्तुगिजांच्या हाती गेला तो थेट १७६३ च्या सुमारास. नागेश मात्र मूळचा इथलाच. १४१३ चा शिलालेख त्याची साक्ष देतो.

आत शिरायची घाई नको. आधी बाहेरून एक फेरी मारा. तळी, तुळशीवृंदावन, दीपस्तंभ, अग्रशाळा म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या खोल्या. मग जरा लांब जाऊन छप्पर बघा: सभामंडपावर उतरती कौलं आणि गाभाऱ्यावर कळस मिरवणारा घुमट. हा घुमट, त्या कमानदार खिडक्या, मजल्यामजल्यांचा दीपस्तंभ, हे सगळं गोव्याचं खास रूप. शेजारच्या मुलखांतल्या कारागिरीचे हात त्यात दिसतात, तरी घडण आपलीच. नागेशीच्या सभामंडपात वर रामायणातले प्रसंग लाकडात कोरून रंगवलेले आहेत. एकेक प्रसंग ओळखत पुढे सरका. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांनाच ओळखू द्या, मोठ्यांपेक्षा त्यांना लवकर सापडतात.

गाभारा दुपारी बंद असतो, तेव्हा आरतीची वेळ आधीच विचारून ठेवा.

आणि तुमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला, तर सभेत तोंड उघडा. जांभ्याच्या भिंतींवर गुळगुळीत फरश्या चिकटवल्या की आतली ओल बाहेर पडत नाही, चुना सुटायला लागतो. जुनं लाकूड उतरवण्याआधी प्रत्येक तुळईचे, प्रत्येक फळीचे फोटो काढून ठेवा, आणि कुठली कुठे होती ते मागे खडूने लिहा.