कल्पना चावलाचा स्मृतिदिन शाळेत कसा करावा

हरियाणातलं कर्नाल म्हटलं की मराठी माणसाला पानिपत आठवतं, इतिहास वाचलेला असेल तर कुंजपुराही. मी लग्नानंतर इथे आले, शाळेत विज्ञान शिकवते, आणि माझ्या लेखी हे गाव सगळ्यात आधी कल्पना चावलाचं आहे. आमच्या शाळेतला १ फेब्रुवारीचा कार्यक्रम माझ्याकडे असतो. तुमच्या शाळेत करायचा असेल तर असा करा.

वेळ दुपारची ठेवा. या दिवसांत इथे सकाळी दाट धुकं असतं आणि प्रार्थनेला उभी असलेली मुलं कुडकुडत असतात. दहावी-बारावीच्या डोक्यावर बोर्डाची परीक्षा असते, म्हणून सहावी ते नववीचे वर्ग घ्या. पाऊण तास पुरतो. पाहुण्यांचं भाषण पाच मिनिटांपेक्षा जास्त नको.

फोटो तिच्या एकटीचा लावू नका, कोलंबिया यानाच्या अपघातात गेलेल्या सातही जणांचा लावा. त्या यानातच काढलेला एक फोटो आहे: चौघं लाल शर्टात, तिघं निळ्या. दोन पाळ्या करून त्यांचं काम चोवीस तास चाले, कल्पना लाल पाळीत होती. ज्या रोलवर हा फोटो होता तो न धुतलेला रोल यानाच्या अवशेषांत सापडला. मुलांना हे सांगा, आणि सात नावं सात मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या: रिक हजबंड, विल्यम मॅकूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राउन, लॉरेल क्लार्क, इलान रामोन, कल्पना चावला. सगळे एकाच कामावर होते आणि एकाच वेळी गेले. आपल्या गावची म्हणून बाकीच्या सहांना गाळणं मला पटत नाही.

फलकावर जन्मतारीख १७ मार्च १९६२ लिहा. कागदोपत्री १ जुलै १९६१ आहे. लवकर परीक्षेला बसता यावं म्हणून ती तशी नोंदवली होती. कुणीतरी पालक हटकतोच, तेव्हा उत्तर तयार असलेलं बरं.

आता मुख्य भाग. मरणाआधी काम सांगा. कर्नालची टागोर बाल निकेतन शाळा, मग चंदिगडचं पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज, मग अमेरिकेत एम.एस. आणि १९८८मध्ये पीएच.डी.; हे दोन मिनिटांत उरका. थांबायचं ते १९९७च्या पहिल्या उड्डाणापाशी. तेव्हा स्पार्टन नावाचा उपग्रह यांत्रिक हाताने बाहेर सोडण्याचं काम तिच्याकडे होतं. तो नीट चालू झाला नाही, भरकटला, आणि शेवटी तिचे यानातले सहकारी विन्स्टन स्कॉट आणि ताकाओ दोई यांनी यानाबाहेर जाऊन तो हातांनी पकडला. बोट तिच्याकडे दाखवलं गेलं. नासाने चौकशी केली, तेव्हा दोष सॉफ्टवेअरच्या रचनेत आणि ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीत निघाला. त्यानंतर ती पुन्हा उडाली. परीक्षेत कमी मार्क पडलेलं मूल हे ऐकताना मान वर करतं, मी पाहिलं आहे.

दुसरं उड्डाण १६ जानेवारी २००३चं. सोळा दिवसांत ऐंशीच्या आसपास प्रयोग झाले. त्यांतला एक सांगा: गुरुत्वाचा परिणाम जाणवत नसेल तर ज्योत वर निमुळती होत नाही, गोळ्यासारखी राहते. वर्गात मेणबत्ती लावून इथे ती निमुळती का होते ते विचारा.

अपघात सांगताना 'देवाला आवडली', 'तारा झाली' असलं काही बोलू नका. कारण सांगा. टेबलफॅनसमोर गादीतल्या फोमचा तुकडा आणि खडा सोडून दाखवा. खडा जवळजवळ सरळ पडतो, फोम वाऱ्याने मागे फेकला जातो. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा असाच सुटला, हवेने त्याचा वेग एकदम घटला, आणि मागून येणारं यान ताशी ८०० किलोमीटरहून जास्त वेगाने त्याच्यावर आदळलं. डाव्या पंखाची कड फुटली. परतताना त्या भोकातून तापलेला वायू पंखात शिरला आणि यानाचे तुकडे झाले. १ फेब्रुवारीला आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजत होते, उतरायला सोळा मिनिटं उरली होती.

एक गोष्ट मुलांपासून लपवू नका. यान वर असतानाच काही अभियंत्यांना शंका आली होती. पंखाचे फोटो उपग्रहांकडून काढून घ्या, असं त्यांनी सुचवलं, पण वरिष्ठांनी ते केलं नाही. हे सांगताना माझा आवाज चढतो, चढू द्या.

म्हणून शेवटी भाषण नाही, प्रश्नपेटी ठेवा. चिठ्ठीवर नाव नको, म्हणजे मागच्या बाकावरची मुलंही लिहितात. एकही चिठ्ठी टाकून द्यायची नाही. १७ मार्चपर्यंत वर्गावर्गात उत्तरं शोधायला लावा आणि प्रश्नासकट भिंतीवर लावा. उत्तर मिळालं नाही तर कुणाकुणाला विचारलं ते लिहा.

हारतुऱ्यांचे पैसे वाचतात, त्यांतून मुलांना तारांगण दाखवा. आम्हाला कुरुक्षेत्रातलं तिच्याच नावाचं तारांगण जवळ पडतं. तिने स्वतः आपल्या शाळेतल्या मुलांसाठी दरवर्षी नासाच्या कार्यक्रमाला जायची वाट करून दिली होती, आणि ह्यूस्टनला पोचलेल्या मुलांना ती घरी जेवायला बोलवत असे. तेव्हा सहलीच्या दिवशी मुलांच्या जेवणाकडे नीट लक्ष द्या.