बाळंतपणात संशोधनाच्या कागदावर सही करण्याआधी

पुण्यातल्या एका लेबर रूममध्ये मी सोळा वर्षं सिस्टर होते. तिथली एक सही अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पहिलटकरीण, पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलेलं. एका हाताने तिने खाटेची दांडी आवळून धरली होती, दुसऱ्या हातात पेन. नावाचं पहिलं अक्षर नीट आलं, तेवढ्यात कळ आली आणि पुढची रेघ कागदाच्या कडेपर्यंत घसरत गेली. पॅड मीच धरलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, तर म्हणाली, "सिझरचा कागद होता ना तो?" तो एका औषधाच्या अभ्यासाचा होता.

म्हणून ताई, हा विषय सातव्या-आठव्या महिन्यातच काढा. तपासणीला जाल तेव्हा विचारा, "इथे बाळंतपणावर काही संशोधन चालू आहे का?" असेल तर मराठीतलं माहितीपत्रक मागून घरी न्या. हडपसरहून दोन बस बदलून आलेल्या बाईला ओपीडीच्या गर्दीत चार पानं वाचून कळत नाहीत. कळलं नाही तिथे पेन्सिलीने खूण करा आणि पुढच्या खेपेला विचारा.

सिझरचा किंवा भुलीचा कागद उपचाराचा असतो. संशोधनाचा वेगळा. वार किंवा नाळेतलं रक्त अभ्यासाला ठेवणार असतील, तर तेही त्यात लिहिलेलं हवं. मला कोणतं औषध मिळणार, हे नक्की विचारा. पुष्कळदा ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टरही निवडत नाहीत. त्यात फसवणूक नाही. एक उदाहरण सांगते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिन हे औषध देतात, पण ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन तितकंच उपयोगी पडतं का, हे भारतासह 10 देशांतल्या सुमारे 30,000 बायकांच्या सहभागातून तपासलं गेलं आणि 2018 साली निकाल आला. अशा अभ्यासांची गरज मला मनापासून पटते. म्हणूनच सही समजून व्हायला हवी.

'नाही' म्हटलं तरी उपचारात फरक पडता कामा नये, आणि 'हो' म्हणून नंतर बाहेरही पडता येतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. तुम्ही सज्ञान आणि शुद्धीत असाल, तर नवऱ्याची किंवा सासूबाईंची सही तुमच्या सहीऐवजी चालत नाही. त्यांचा सल्ला जरूर घ्या. वाचता येत नसेल, तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर कागद वाचून दाखवायला लावा, मगच अंगठा द्या.

कळा सुरू झाल्यावरच कुणी विचारलं, तर सांगा, "कळ जाऊ द्या, मग बोला." ऐकल्यावर आपल्या शब्दांत परत सांगून बघा. सांगता आलं नाही, तर सही नको. जिवावर बेतलं असेल, तेव्हा एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधन नीतीला धरून आहे का हे बघणाऱ्या समितीच्या, मंजुरीने संमती नंतर घेण्याची सोय आहे. पण मग सावरल्यावर तुम्हाला सगळं सांगायलाच हवं.

संमतीपत्राची प्रत तुमच्या हक्काची आहे. ती सोनोग्राफीच्या रिपोर्टांबरोबर फाइलला लावा आणि तिच्यावरचा एथिक्स कमिटीचा फोन नंबर सोबत येणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये आधीच टाकून ठेवा.